भाड्याचं रुखवत

"मॅडम, तुमची करिश्मा सध्या काय करते?" असं शाळेच्या ऑफिसात कुणी विचारलं की शिवकन्या जरा अडायची. "रुखवतं करते," म्हणावं, तर समोरची बाई लगेच हात धरून, "अगं बाई, कधी ठरलं? मुलगा कुठला?" सुरू करायची. "व्हिडिओ करते," म्हणावं, तर तीच बाई हात सोडायची.

कंधारला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. खाली अंगदचं, म्हणजे शिवकन्याच्या नवऱ्याचं, शेतातल्या मोटारींच्या वायंडिंगचं दुकान. वर दोन खोल्या. त्यातली एक करिश्मानं सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या, रंगीत मणी, लोकर आणि बत्ताशे यांनी अशी भरून टाकली होती, की झोपायला ती आईच्या खोलीत यायची. खिडकीत फोनचा स्टँड. सकाळचं ऊन तिथं नीट पडायचं, म्हणून त्या वेळी घरात कुणी मिक्सर लावायचा नाही, असा नियम.

करिश्मा लातूरला बी.एस्सी. झाली, बँकेच्या परीक्षांना बसली, थोडक्यात हुकली. त्याच उन्हाळ्यात चुलत बहिणीच्या लग्नात तिनं सुपारीच्या नवरदेवाला बोटाच्या पेराएवढा फेटा बांधला. बांधताना कुणीतरी फोन धरला आणि तो तुकडा हिंगोलीपासून निलंग्यापर्यंत फिरला. "ताई, तुरा कसा उभा केला?" विचारणाऱ्या बायका संपेनात. करिश्मानं पुन्हा बांधून दाखवला, या वेळी सावकाश. एवढीच सुरुवात.

शिवकन्या स्वतः बी.ए. झालेली, शाळेत लिपिक. महिना भरला की पगार येतो, हे तिला समजत होतं. पोरीचे पहिले पैसे आले तेव्हा ती म्हणाली, "हे कुणी दिले?"

"जाहिरातीचे आहेत, आई."

"कुणाची जाहिरात? तू तर सुपाऱ्या दाखवल्यास."

"माझ्या व्हिडिओच्या आधी जी लागते ना, तिचे."

"म्हणजे त्यांनी उद्या लावायची नाही म्हटलं तर?"

करिश्मा नुसती हसली. ते उत्तर पुढच्या वर्षी आपोआप आलं. तिच्या सगळ्यात चाललेल्या व्हिडिओत मागं मांडवातला डीजे वाजत होता. गाण्याच्या मालकानं हक्क सांगितला आणि त्या व्हिडिओची सगळी कमाई तिकडं गेली.

"केलं तू, बघितलं लोकांनी, आणि पैसे गाणंवाल्याला?" शिवकन्याला हे पटेचना.

"गाणं त्याचं होतं ना."

"मग तुला वाजवायला कुणी सांगितलं होतं?"

"मी कुठं वाजवलं, आई! वरातीनं वाजवलं."

त्यात आषाढ लागला. लग्नं बंद, मग रुखवत कोण बघणार? शिवकन्यानं एका पतसंस्थेतल्या जागेची बातमी आणली, ओळखीच्या माणसाला फोनही केला. करिश्मा ऐकून घेत होती, हातानं मणी ओवत होती. मग म्हणाली, "आई, आजोबा सोयाबीनमध्ये तुरीचे तास का टाकायचे?"

"सोयाबीन पावसानं गेलं, तर मधल्या ओळीतली तूर तरी हाती लागते म्हणून."

"मग मीपण तेच करायलेय. जाहिरातीचे पैसे म्हणजे सोयाबीन. तेवढंच पेरून बसले, ही चूक झाली."

आणि तिनं खरोखर तास टाकले. बारीक मणी, फेट्याची जर, तुऱ्याचा काथ्या तालुक्याच्या दुकानात मिळत नाही, हे तिला बायकांच्या प्रश्नांवरून कळलं होतं. तिनं एकेका वस्तूचं सामान मोजून पाकिटं केली आणि पोस्टानं पाठवायला लागली. लग्नं नसली तरी महालक्ष्म्या येतातच, मग श्रावणापासून त्यांच्या आराशीचे व्हिडिओ. रविवारी दुपारी फोनवरच क्लास, फी भरून. कुणाची बोटं कुठं अडतात ते ती स्क्रीनवर बघून सांगायची, "काकू, सुई उलटी धरली तुम्ही." कागदावरचे नमुने विकायची तेही वेगळे, एकदा काढला की तो नमुना कितीही जणींना देता यायचा. कुठल्या महिन्यात काय चालतं, कुणाला उधार द्यायचं नाही, कुठल्या गावाचं पार्सल वाटेत फुटतं, हे तिला पाठ झालं. शिवकन्या बघत राही. आपल्या पोटची ही मुलगी हे कुठं शिकली, असं तिला वाटे, आणि लगोलग हेही वाटे, की यातलं काहीच पेन्शनला लागत नाही.

या सगळ्यात भरवशाचं होतं ते भाडं. करिश्मा पूर्ण रुखवत तयार करून लग्नघरी भाड्यानं द्यायची. धान्याची सप्तपदी, बत्ताशांचं तुळशी वृंदावन, खोबऱ्याच्या वाट्यांची होडी, नवरा-नवरीच्या नावाची पाटी तेवढी नवी. मांडवातून परत आलं, पुसलं, पुढच्या घरी. पण त्यात एक अट असे, आणि ती प्रत्येक घर दारातून जाताना आवाज खाली आणून सांगे : "ताई, कुठं बोलायचं नाही बरं का."

कारण रुखवत म्हणजे मुलीच्या हाताचं काम. नवऱ्याकडच्या बायका मांडवात शिरल्या की आधी त्या टेबलाभोवती गोळा होतात आणि सुपारीच्या नवरीच्या नथीवरून खऱ्या नवरीची परीक्षा घेतात. करिश्मानं कधी कुणाचं नाव तोंडातून काढलं नाही. पेट्यासुद्धा साध्या, बिननावाच्या.

त्या वर्षी हिवाळ्यात चिकटवायचा डिंक करणाऱ्या एका कंपनीनं तिच्याशी वर्षाचा करार केला. ठरलेल्या दिवशी त्यांच्या डिंकाचा व्हिडिओ टाकायचा, महिन्याच्या महिन्याला पैसे. महिन्याच्या महिन्याला! शिवकन्यानं शाळेत पेढे वाटले. आता कुणी विचारलं की ती सांगे, "कंपनीशी करार आहे तिचा." बायका हात सोडत नसत.

भोकरजवळच्या एका गावचे किशनराव मार्चमध्ये दारात आले. बागायतदार माणूस, पांढरं धोतर, बोलणं मोजकं. मुलगी सुकन्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला. देगलूरकडची सोयरीक झाली होती.

"पोरीला टाइम न्हाई," ते म्हणाले. "पहाटंला कुणाची तरी म्हैस अडलेली असती, ही गाडी काढून पळती. पण त्यांच्याकडच्या बायका लई चौकस. मी सांगून बसलोय, पोरगी सगळं हातानं करायली म्हणून. लग्न होईस्तोवर हे कुठं दिसाया नको."

"नाही दिसणार, काका," करिश्मा म्हणाली.

या रुखवतासाठी तिनं जीव ओतला. किशनरावांची विहीर, त्यावरचं लिंबाचं झाड, गोठ्यातल्या म्हशी, सगळं सुपारी आणि काथ्यातून उभं केलं. म्हशींच्या शिंगांना तिनं जळक्या काडीचा रंग दिला. करताना शूटिंगही केलं, कारण डिंक कंपनीचाच होता. कंपनीनं दिलेली तारीख लग्नानंतरची होती. एकदा अक्षता पडल्या की मग कोण बघतंय. तिनं व्हिडिओला ती तारीख लावून ठेवली. त्या दिवशी तो आपला आपण पडणार होता.

मग किशनरावांच्या भावकीत एक म्हातारे गेले. सुतक पडलं, लग्न पुढच्या मुहूर्तावर गेलं. करिश्मानं पेट्या न्यायचा दिवस बदलला, टेंपोवाल्याला कळवलं, मधल्या काळात दुसऱ्या घरचं भाडं बसवलं. व्हिडिओची तारीख तेवढी बदलायची राहिली.

लग्नाच्या दिवशी सकाळी शिवकन्या पोहे परतत होती, तेव्हा सुकन्याचा फोन आला. आवाज दबलेला. "ताई, विहीर, म्हशी, सगळं फोनवर आलंय. त्यांच्याकडच्या आत्याबाई तुमचे व्हिडिओ बघतात. पाव्हणे जानवशाला उतरलेत. आप्पांना अजून म्हाईत न्हाई."

करिश्मानं तो फोन ठेवला. लगेच कंपनीच्या बाईंना लावला. व्हिडिओ काढावा लागेल, उद्या परत टाकते, असं ती सांगत होती. पलीकडून काय आलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"आजच्याच दिवसासाठी पैसे दिलेत म्हणतात. काढला तर करार संपला."

शिवकन्याचा झारा कढईतच राहिला. "हे बघ, कळायचं ते त्यांना कळून गेलंय. आता काढून काय होणार? फोन बंद ठेव. त्यांचं ते बघून घेतील. एवढं वर्षाचं काम—"

"आई, मी त्यांना शब्द दिला होता."

तिनं अंगठा दाबला. व्हिडिओ गेला, तिचा त्या हंगामातला सगळ्यात जोरात चालायला लागलेला. मग ती चप्पल शोधू लागली.

"कुठं निघालीस?"

"भोकरला."

"वेडी का गं तू? तिथं जाऊन मार खायचाय?"

"ती पोरगी एकटी उभी राहणार तिथं. माझ्या चुकीपायी."

शिवकन्यानं गॅस बंद केला, शाळेत रजेचा निरोप धाडला आणि पोरीच्या मागं निघाली. नांदेडपर्यंत एसटी, तिथून जीप. वाटेत ती तीनतीनदा म्हणाली, "तू काही बोलू नकोस, मी बघते." करिश्मा खिडकीबाहेर बघत होती. तिच्या नखांना अजून डिंक होता.

मांडवात पोचल्या तेव्हा व्हायचं ते सुरू झालं होतं. रुखवताच्या टेबलाभोवती नवऱ्याकडच्या बायकांचं कडं. मधोमध नवरदेवाच्या आत्या, गुरम्मा. हातात फोन, फोनवर विहिरीचा फोटो; व्हिडिओ जायच्या आधीच तिनं काढून ठेवला होता. शेजारी खुर्चीवर नवरदेवाची आजी, म्हणजे गुरम्माची आई धोंडाबाई, पान कुटत बसलेली. सुकन्या हळदीच्या साडीत मान वर करून उभी होती, आणि किशनराव मांडवाच्या खांबाला हात लावून.

"हे बघा गं," गुरम्मा म्हणत होती, "हीबी विहीर, तीबी विहीर. लिंबाचं झाड तेच. आमाला काय सांगितलं? पोरगी रात रात जागली म्हणं! जागली कोण, अन् नाव कुणाचं?"

शिवकन्या पुढं झाली. शाळेत पालकांशी बोलायचा आवाज तिनं लावला. "ताई, गैरसमज होतोय तुमचा. सुकन्या माझ्या मुलीच्या क्लासला असते. दोघींनी मिळून केलंय हे. शिकवताना काढलेला व्हिडिओ आहे तो."

गुरम्मानं तिला वरून खाली बघितलं. "अस्सं व्हय? लई चांगलं झालं. मग बस म्हणावं पोरीला. सुपारी हाय, मणी हाय, मुहूर्ताला टाइमबी हाय. एक नवरी करून दाखव म्हणावं, आमीबी शिकतो."

कुणीतरी हौसेनं पूजेच्या ताटातली सुपारी आणून टेबलावर ठेवली. सुकन्यानं त्या सुपारीकडं बघितलं. किशनरावांनी डोळे मिटले. आपण आग विझवायला रॉकेल आणलं, हे शिवकन्याला त्याच क्षणी कळलं.

"आत्या, राहू द्या," करिश्मा म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण बायका तिच्याकडं वळल्या. "माझी आई मला वाचवायला बोलली. हे काम माझं आहे, यांनी भाड्यानं नेलंय. लग्न होईपर्यंत कुठं दाखवणार नाही, असा शब्द मी दिला होता. सुतकानं तारीख पुढं गेली अन् व्हिडिओची तारीख बदलायची मी विसरले. तुम्हाला राग काढायचा असेल तर माझ्यावर काढा. हिनं काही केलेलं नाही."

"तेच म्हणायली मी!" गुरम्मा म्हणाली. "हिनं कायबी केलं न्हाई! म्हंजे पोरीला सुईसुदिक धरता येत न्हाई?"

"येती की, आत्या," सुकन्या म्हणाली. "सुई रोज धरते मी. म्हशीला टोचायची. तुमच्या गोठ्यातली ती रेडकाला पिऊ देत न्हाई म्हणं ना? परवा मीच बघणार हाय तिला. पण हे मण्याचं काम आपल्याच्यानं हुत न्हाई. माझ्या पगारातून आणलं, मला आवडलं म्हणून आणलं. आप्पा बोलले ते मला आधी ठावं नव्हतं. ठावं असतं तर बोलू दिलं नसतं."

मागं उभ्या असलेल्या एका पोरीला हसू फुटलं. मग दुसरीला. गुरम्मानं दटावलं, "हसू नका गं! खोटं ते खोटंच."

"हाव, खोटं बोललो मी," किशनराव खांबापासूनच म्हणाले. "पोरीला बोल नको. मला बोला."

आता काय, असं सगळ्या एकमेकींकडं बघत असताना खुर्चीतून पान कुटायचा आवाज थांबला.

"गुरे," धोंडाबाई म्हणाली, "तुझ्या लग्नात ती सुपारीची बैलगाडी व्हती बघ."

"आता ते कशाला, अव्वा?"

"कशाला म्हंजे? ती कुणी केलती?"

गुरम्मा पदर सारखा करू लागली.

"शेजारच्या लक्ष्मीबाईची व्हती ती. म्या पदराखाली झाकून आणली, अन् तुज्या सासूला म्हणलं, गुरीनं जुंपली बरं का बैलं. सासू तुजी गाडी बघत बसली, न् मी घाम पुसत. हिला तरी आपल्या पगारातून भाडं देता आलं. म्या तर लक्ष्मीबाईला दोन शेर शेंगा देऊन गप केली."

"अव्वा, गप की आता!"

"गप काय, चार लग्नं फिरली ती गाडी. शेवटाला एक बैल उंदरानं नेला, तवा थांबली."

मांडव हसला. बायका पदर तोंडाला लावून, पोरी उघड. गुरम्मा लाल झाली, आईकडं बघून डोळे वटारले, आणि मग तिचाही धीर सुटला. हसता हसता तिनं करिश्माला दंडाला धरून टेबलाजवळ ओढलं. "लई बोलायचं झालं. आता हे सांग, म्हशीचं शिंग काळं कशानं केलं?"

"काडी जाळून, आत्या."

"बघा! अन् मी ते रंगाचं समजून बसले."

अक्षता वेळेवर पडल्या. किशनरावांनी दोघींना जेवल्याशिवाय सोडलं नाही. बोलले मात्र फार नाहीत. पंगतीत सुकन्याची सासू करिश्माच्या पानात जिलेबी वाढताना म्हणाली, "तू न बोलता घरी बसली असतीस तर पोरीला आयुष्यभर ऐकावं लागलं असतं." तेव्हा शिवकन्यानं मान खाली घातली, कारण घरी बसायचा सल्ला तिचाच होता.

परतीच्या जीपमध्ये कंपनीचा निरोप आला. करार संपला होता, आणि त्या महिन्याचे आगाऊ दिलेले पैसे परत हवे होते. करिश्मानं "ठीक आहे" एवढंच लिहिलं. शिवकन्याला वाटलं होतं, पोरगी रडेल. ती नायगावच्या एका मुलीला रविवारच्या क्लासची वेळ कळवत होती. जाहिरात गेली तरी क्लास होता, पाकिटं होती, नमुने होते. एकावर सगळं टेकवून बसली असती तर ती आज सकाळी अंगठा दाबू शकली असती का, हा विचार शिवकन्याच्या मनात पहिल्यांदा आला. इतके दिवस तिला ती नुसती वणवण वाटायची.

सगळं गोड झालं असं नाही. भोकरची गोष्ट नातेवाइकांच्या तोंडी फिरली आणि दोन घरांनी ठरवलेलं भाडं मोडलं. "तुमच्याकडचं नेलं की लोकांना कळतं," म्हणाले. लपवून नेणारी गिऱ्हाइकं गळाली, वैशाख जरा कोरडाच गेला. शिवकन्यानं पतसंस्थेतल्या माणसाचा नंबर पुन्हा शोधला, पण लावला नाही.

करिश्मानं मात्र एक केलं. प्रत्येक रुखवताच्या कोपऱ्यात एक छोटी पाटी लावायला सुरुवात केली : "हस्तकला : करिश्मा केंद्रे, कंधार." ती पाटी ज्यांना चालेल त्यांनीच न्यावं. अंगद म्हणाला, "मोटार भरली की मीपण आतून नाव टाकतो. जळाली तर कुणाकडं यायचं, ते कळायला नको?"

पुढच्या हंगामाला ज्या मुली आल्या, त्या वेगळ्या होत्या. लातूरच्या दवाखान्यातली एक नर्स, किल्लारीच्या साखर कारखान्यात प्रयोगशाळेत काम करणारी एक, एक पोलीस शिपाई. त्या आवाज खाली आणत नव्हत्या. पोलिसातली म्हणाली, "मला वेळ नाही, अन् लपवायचंही नाही. फक्त सुपारीच्या नवरीला खाकी घालता येईल का?" करिश्मानं घातली, बिल्ल्यासकट. ज्यांना एखादी तरी वस्तू स्वतः करायची होती, त्यांना तिनं एका दुपारी घरी बोलावून ती शिकवायला सुरुवात केली. त्याचे पैसे वेगळे. देगलूरहून गुरम्माचा फोन आला, नातीच्या लग्नाला पाटीसकट हवं म्हणून. धोंडाबाईनं मागून ओरडून सांगितलं, बैलगाडी पाहिजेच.

आणि व्हिडिओचा नियम बदलला. आता तारीख लावून काही ठेवायचं नाही. कंपनी कुठलीही असो, आधी लग्न. सुतक, पाऊस, वऱ्हाड अडकलं, काहीही होऊ शकतं. म्हणून लग्नघरी फोन करून खात्री करायची आणि मगच टाकायचा. हे काम शिवकन्यानं आपणहून मागून घेतलं. मुहूर्ताची वेळ टळली की ती शाळेच्या ऑफिसातून बाहेरच्या ओट्यावर येते आणि नंबर लावते. पलीकडं बँड, पोरांचा गलका, कुणीतरी कुणाला तरी भात वाढा म्हणून ओरडतंय. तिला मोठ्यानं विचारावं लागतं.

"पडल्या का हो अक्षता?"

"आँ?"

"अक्षता! पडल्या का?"

"पडल्या, पडल्या! या जेवायला!"

मग ती दुसरा फोन घरी लावते. करिश्मा पहिल्याच रिंगला उचलते.

"टाक," शिवकन्या म्हणते.